मधली बडबड

तुळजापूरच्या स्टँडवर जळकोटची गाडी काही केल्या लागेना. अनसूया वैतागून बसली होती. शेजारी एक पोरगी आपल्या आजीला मोबाइलवर लग्नातला जुना बँड ऐकवत होती.

“आजोबांच्या बँडची कॅसेट सापडली ना, ती सोलापूरच्या दुकानातून साफ करून मोबाइलवर घेतली.”

“लई ग्वाड वाजतंय. फुडं सरकव.”

“आवडलं न्हाय व्हय?”

“सरकव गं. आजून फुडं.”

“संपलं की आता! काय हुडकतीस, आजी?”

“मदी माईकवर कुणी बोलत न्हाय?”

“होतं की! दर गाण्यात एकजण वरडायचा. मुलीच्या मामांनी मांडवात यावं, जेवल्याबिगर कुणी जाऊ नका. सगळं काढायला लावलं मी.”

“काढलं?”

“गाण्याचा पार इस्कोट करायचा गं तो माणूस.”

“दीपे, तुज्या आज्याला वाजवाया कुठं येत हुतं? बँड त्येंचा, पर ते आपलं माईक धरून हुबं.”

“आजी...”

“कॅसेट कुठाय?”

“दुकानातच. आता काय करायची, टाकून द्या म्हणलं.”

जळकोटची गाडी लागली. अनसूयेनं पिशवी उचलली, तशी म्हातारीही उठली.

“बाई, सोलापूरची गाडी कुठं लागती गं?”