कॅमेऱ्यावरचं स्टिकर

हैदराबादच्या मलकपेठ मेट्रोच्या तिकिटाच्या रांगेत माझ्या मागे एक मुलगा आणि एक मुलगी बोलत होते.

“निशी, आपल्या गुपचूप टेक्नो पार्टीला यंदा कंपनी स्पॉन्सर आहे, हे नेहमीच्या लोकांना सांगितलंस?”

“नक्को रे ओमकार, सांगितलं तर कुणीच येणार नाही.”

“दारात कळेलच की, मी त्यानेच परेशान आहे. आपण प्रत्येकाच्या फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतो, फोटो नकोत म्हणून. कंपनीला तर फोटोच लागणार.”

“ते म्हणाले, स्टिकर लावाच. छापून तेच देणारेत.”

“त्यावर काय छापणार?”

“त्यांचं नाव.”

“मग फोटो?”

“आत नाचतानाचे नकोत त्यांना. दारात लोक स्टिकर लावलेला फोन हातात धरून उभे असतील, तेच हवेत.”

“आणि ते काढणार कोण?”

रांग पुढे सरकली.

“तुझ्या एकट्याच्या फोनला स्टिकर नसेल.”