चार वेळा एकच नाव

ही दोन हजार सतरा सालची गोष्ट. घरात सोबतीला राहणारं माणूस ऑनलाइन शोधून देणाऱ्या कंपनीच्या तक्रार खिडकीपुढे निवृत्त नर्सबाई उभ्या होत्या. पुढच्या बाईंचा आवाज चढला होता.

“सहा महिने वर्गणी भरतेय. चार वेळा नाव सुचवलंत, चारही वेळा एकच!”

“बाई, तुमचं त्यांच्याशी अठ्ठ्याण्णव टक्के जुळतं,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“अहो, ती माझी नणंद आहे! तिच्याशी पटेना म्हणून तर तुमच्याकडे आले!”

“वहिनी?” नर्सबाईंच्या मागून हाक आली.

“अगबाई, वन्सं! तुम्ही इथे?”

“तक्रार करायला. मेल्यांनी मलाही चार वेळा तुझंच नाव पाठवलंय.”

“फॉर्मवर लिहिलंत तरी काय?”

“भांडली तरी जेवायला थांबणारी हवी.”

“मीही तेच लिहिलं.”

“मग मी निघाले तेव्हा ‘जाऊ नका’ म्हणायला तोंड दुखत होतं?”

“तुम्ही बॅग भरताना एकदा तरी मागे वळून पाहिलंत का?”

“आता पाहतेय ना!”

“मग चला घरी. अजून दोघींचा चहा टाकते मी.”

“बाई, तक्रारीत काय लिहू?” कारकुनाने विचारलं.

“लिहा, यंत्र आमच्याहून शहाणं आहे. आणि आमची वर्गणी बंद करा.”

“ती सोय नाही आमच्याकडे.”

दोघी खो खो हसल्या. वहिनी नर्सबाईंकडे वळल्या.

“तुमची काय तक्रार?”

“मला हे कुणाचंच नाव सुचवत नाहीत.”

“मागची खोली रिकामी आहे. येता?”

कंपनी वर्षभरात बुडाली. खिडकीतला कारकून एका शाळेत नोकरीला लागला. नणंद-भावजय अजून भांडतात, आणि मागच्या खोलीतल्या नर्सबाई मध्ये पडत नाहीत.