रूपालीचं समायोजन

— न्हाई साहेब, ती काच वर होत न्हाई, अशीच अर्धी राहती, येऊ द्या धूळ, घनसावंगीच्या रस्त्यानं जायचं अन् सदरा पांढराच ठेवायचा हे दोन्ही कसं जमंल? तर काय म्हनत होतो मी — हां, केशरबाई. तुम्ही दत्तक-हापिसवाले म्हन्ता अर्जदार. म्हना, पन तिच्यासमोर म्हनू नका, तिला वाटंल दुसरंच कोनी आलंय. ती जालन्याच्या शिशुगृहात आया होती अन् मी तिथला ड्रायव्हर. संस्था बंद पडली, तिची ही जीप मी लिलावात घेतली अन् केशरमावशी आपल्या गावी आली. संस्था चालू होती तवा, तिथली रूपाली चार वर्षाची असताना तिला इटलीचं जोडपं दत्तक घेऊन गेलं. पार पाळण्यापासून मावशीनंच वाढवलेली पोर. मुंबईला इमानतळावर सोडायला मीच गेल्तो, ह्याच जीपमधी — तुम्ही बसले ना, त्याच सीटवर मावशी, अन् तिच्या मांडीवर ती, दोघी उलट्या करून राह्यल्या.

माझं नाव धर्मराज. हसा, समदेच हसतेत. खरं बोलायचं म्हन्लं की ह्याची जीभ जड होती, असं गावात म्हन्तेत. पन थाप मारायलाबी अक्कल लागती साहेब! गोदावरीला पूर आल्ता तवा ह्याच जीपमधी बसून मी पल्याड गेल्तो, वर टपावर शेळी, खाली पानी — एक मासा तर मागच्या सीटवर गेवराईपस्तोर आल्ता अन् भाडं न देता उतरला. पटत न्हाई? नका पटवू. फकरोद्दीन मिस्त्रीला इचारा, तो बिलकुल खोटं बोलत न्हाई — म्हनून त्याला काय इचारू नका.

तर तुमचा नियम. पहिल्या वर्षी तिकडून दर तीन महिन्याला अहवाल यायचा, दुसऱ्या वर्षी सहा महिन्याला. बराबर? संस्थेच्या मोठ्या मॅडम मराठीत वाचायच्या, आम्ही दोघं दारात उभं. पहिला अहवाल — बालिकेचे समायोजन समाधानकारक. दुसरा — बालिकेचे समायोजन समाधानकारक. तिसरा सांगू का? मावशी मला म्हन्ली, धर्मा, समायोजन म्हंजी काय रे? आता मला तो शब्द एकाच ठिकानचा ठाऊक. आमच्या शाळेतली पोरं कमी झाली, एक गुरुजी अतिरिक्त ठरले, अन् त्यांचं समायोजन झालं — म्हंजी बोचकं बांधून गेले बिचारे पिंपळगाव रेणुकाईला. गुरुजीचं समायोजन होतं साहेब, जास्तीचे झाल्यावर! लेकराचं कसं होतं? लेकरू कधी जास्तीचं असतं का? मी आपला पोट धरून हसलो अन् मावशीला म्हन्लं, समायोजन म्हंजी दूधभात खाऊन गार झोपली.

मंग अहवालच यायचे बंद. का बंद? सांगा की. — सर्वर. हौ, सर्वर! सर्वर बंद, संस्था बंद, तुमचा फोन बंद, पन लेकरू? ते तर वाढून राह्यलं ना तिकडं, त्याला कुठं बटन असतं! मंग तुमचं काम मी केलं. फुकट. दर आठवडी बाजाराला मावशीच्या वट्यावर बसायचं अन् अहवाल द्यायचा. रूपाली इटलीच्या गाईला मराठीत हाक मारती अन् गाय मान वळवून बघती. रूपालीनं तिथल्या मास्तरला फुगडी शिकवली, मास्तर पडला, पाय मोडला, प्लास्टरवर हिनं मोर काढला — आता गावातली समदी मानसं पाय मोडून घेऊन राह्यलीत, मोरासाठी. अन् तिथं रोज शेवया खातेत म्हन्लं, पन आंबट, टमाट्यात कालवून. मावशी हसायची, पदरानं डोळे पुसायची अन् इचारायची, आंबट? अन् गूळ न्हाई का रे त्यांच्यात?

आता कोनता अहवाल बरा, तुमचा का माझा? माझ्यात खरं न्हाई, कबूल. तुमच्यात लेकरूच न्हाई!

अन् ही बाई बघा — एवढं ऐकून गपचिप उठली, येस्टीनं अंबडला गेली, कोर्टापुढच्या टायपिंगवाल्याकडून तुम्हाला अर्ज लिहून घेतला, पोरगी कशी हाये ते कळवा म्हनून. मला न सांगता! मी बाजाराच्या दिशी गेलो तर म्हन्ली, ये धर्मा, बस, काय म्हन्ती आपली रूपाली? — अन् उशाखाली तुमच्या हापिसाची पोच! म्हंजी एकबी थाप तिला पटली न्हवती. ना गाय, ना मोर. माझा जीव रमतो म्हनून ऐकून राह्यली होती. मला वाटलं मी तिला — जाऊ द्या. ह्या काचेचं कायतरी करावं लागंल.

तुम्ही येनार म्हन्ल्यावर तिनं शेवया केल्यात. दोन दिस बाजंवर वाळवल्या, गुळाची ढेप फडक्यात बांधून ठेवली. तिला वाटतं, तुमच्या पिशवीतून इटलीला जातील. म्हनून इचारतो, बॅगमधी काय आनलं तिच्यासाठी? फोटो? — हे काय? हे तर शाईचं पॅड! अंगठा? कशावर अंगठा? ह्या कागदावर — ‘माहिती मिळाली, तक्रार निकाली.’ वा! मंग द्या की माहिती. मलाच द्या आधी. कशी हाये पोरगी? — काय म्हन्ले? थांबा, इंजिन बंद करतो. आता बोला.

कधी? मागच्या पोळ्याच्या आधीच सोडलं त्यांनी तिला? अन् तुम्ही आज सांगून राह्यले? — जमलं न्हाई. तिचं त्या घरी जमलं न्हाई. ती पायतान हाये का, नंबर बसंना म्हनून माघारी द्यायला! अन् समाधानकारक लिहिनारा कोन होता, त्यानं त्या घरात पाय तरी ठेवला होता का? — बरं. बरं, ओरडत न्हाई. आता कुठं हाये ती? — काय प्रक्रियाधीन? पुन्यांदा म्हना.

दुसऱ्या कुटुंबात समायोजन.

म्हंजी तेच की. गुरुजीवालं. मी हसलो होतो साहेब त्या शब्दाला. अन् तो तसाच निघाला — लेकरू अतिरिक्त ठरलं. पन कुटुंब कोनतं, गाव कोनतं? तिथं तिला जेवू कोन घालतं, कोन्या नावानं हाक मारतेत? — म्हाईत न्हाई. पत्र पाठवलंय, उत्तर न्हाई. उत्तर न्हाई, पत्ता न्हाई, अन् अंगठा मातर आजच पाह्यजे!

उतरा.

जीपला काय झालं न्हाई. ब्रेक बराबर, डिझेल बराबर, मीच पुढं जाऊन राह्यलो न्हाई. तो निंब दिसतो ना, त्याच्यामागं तिचं घर, अन् तुम्हाला मी तिथपस्तोर न्हेनार न्हाई. तिचा अंगठा उठला की तुमची फाईल मिटली, अन् मंग ह्या जगात त्या पोरीला इचारनारं एकबी मानूस उरत न्हाई. या जीपमधी तुम्ही अतिरिक्त ठरले. मागून अंबडची येस्टी येईल, तिच्यात समायोजन करून घ्या. पोरगी कुठं हाये, कोनापाशी हाये हे हातात आलं की फोन लावा — जालन्याला घ्यायला येतो, भाड्याचं नाव काढू नका.

मावशीला? मावशीला मी सांगतो. काय सांगतो म्हंजी? तुम्ही सांगितलं तेच, जसंच्या तसं. माझ्या तोंडून आजपस्तोर तिला एकबी गोष्ट पटली न्हाई साहेब — हीबी न पटो.

ते पॅड राह्यलं तुमचं. अन् दरवाजा जोरात लावा, हळू लावला की उघडाच राहतो.