उजवा कान

इलेनिया : "ऐकणं ही माणसाची सर्वांत जुनी कला आहे. बोलणं नंतर आलं, दगड घडवणं त्याहून नंतर. या शिल्पाचा उजवा कान आपल्याला त्या पहिल्यावहिल्या..."

अल्फिएरो : काय?

इलेनिया : "...त्या पहिल्यावहिल्या शांततेकडे..."

अल्फिएरो : थांब, थांब. तो कॉम्प्रेसर बंद करतो. पन्नास वर्षं या धडधडीत काढलीत, पोरी. डाव्या बाजूनं कुणी बोललं तर मला नुसतं तोंड हललेलं दिसतं. हां, आता बोल. आणि तो कोट काढ आधी, भुकटीनं पांढरा होईल. अडकव तिथं, दाराजवळ.

(संगमरवराचा कारखाना, डोंगराच्या पायथ्याशी, जेवणाची सुट्टी. इलेनिया अकादमीत शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. अल्फिएरो सदुसष्ट वर्षांचा कारागीर. लोक प्लास्टरमध्ये घडवतात, तो सुईनं मापं घेऊन ते जसंच्या तसं दगडात उतरवतो आणि सही लोक करतात. या क्षणी दोघांनाही एकमेकांच्या नजरेला नजर द्यायची नाही, म्हणून दोघं बंद पडलेल्या कॉम्प्रेसरकडे बघत आहेत.)

इलेनिया : परीक्षकांचा अभिप्राय आहे, काका. पहिल्या बक्षिसाचा.

अल्फिएरो : पेपरात वाचलं. मिरेल्लानं कात्रण फ्रिजवर लावलंय. फोन करणार होतो तुला.

इलेनिया : मग केला का नाहीत?

अल्फिएरो : तू का नाही आलीस? तीन आठवडे झाले.

इलेनिया : परीक्षा होती.

अल्फिएरो : परीक्षा संपूनच तीन आठवडे झाले.

इलेनिया : ...हो.

अल्फिएरो : मी मिरेल्लाला म्हटलं, पोरगी रागावली. रागावणारच. कुणीही रागावेल.

इलेनिया : मी रागावले? मला तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती, काका!

अल्फिएरो : तुला? तुला कसली लाज? लाज तर मला...

इलेनिया : नाही, आधी मी. नाहीतर माझा धीर जाईल. बसमध्ये पाठ करत आलेय. मी तुमचा कान चोरला.

अल्फिएरो : थांब, बघू दे. दोन्ही आहेत. एक चालत नाही, पण आहे जागेवर.

इलेनिया : चेष्टा नको ना. मी तुम्हाला प्लास्टरचं डोकं आणून दिलं, त्याला कान होता?

अल्फिएरो : नव्हता.

इलेनिया : काय होतं तिथं?

अल्फिएरो : केस. वाऱ्यानं उडून कानावर आलेले.

इलेनिया : आणि शिल्पाचं नाव?

अल्फिएरो : "वारा".

इलेनिया : आता "ऐकणारी" आहे.

अल्फिएरो : तेही पेपरात वाचलं. मला आधी वाटलं, बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं.

इलेनिया : मलाही तसंच वाटतं. रोज. परीक्षणाच्या आदल्या दिवशी व्यवसायाचा पेपर होता ना, म्हणून मी इथं बघायला येऊ शकले नाही. खोकं परीक्षकांसमोरच उघडलं. झाकण निघालं आणि मला पहिल्यांदा कळलं की माझ्या बाईला कान आहे. पाचही परीक्षक वाकून बघायला लागले. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "सगळीकडे वारा, केस, धांदल. आणि इथे कान. का?"

अल्फिएरो : बाई हुशार आहे.

इलेनिया : खरं उत्तर दोन शब्दांचं होतं. "माहीत नाही." पण दोन वर्षं व्यवसायाच्या तासाला पेत्रुच्चीबाईंनी आम्हाला काय शिकवलं? कलावंतानं "माहीत नाही" म्हणायचं नाही. लोक दगड विकत घेत नाहीत, गोष्ट विकत घेतात. आणि गोष्ट एका मिनिटात सांगता आली पाहिजे. गिऱ्हाईक लिफ्टमध्ये भेटलं तर वरचा मजला येईपर्यंत.

अल्फिएरो : तुमच्या अकादमीला लिफ्ट आहे?

इलेनिया : नाही. आम्ही जिन्यात सराव करतो. दम लागतो.

अल्फिएरो : मग? काय गोष्ट सांगितलीस?

इलेनिया : माझी आजी बहिरी आहे.

अल्फिएरो : आजी? लुक्का गावची? मी आत मालकाला शिवी दिली नि तिनं बाहेर अंगणात ऐकली, ती?

इलेनिया : ती.

अल्फिएरो : नुसती ऐकली नाही. दुरुस्त केली.

इलेनिया : मी म्हटलं, लहानपणी मी आजीचे केस हळूच बाजूला सारून तिच्या उजव्या कानात बोलायचे. तेवढंच तिला ऐकू यायचं. जग तिच्यासाठी वाऱ्यासारखं नुसतं हलायचं, आणि त्यात एक कान. अध्यक्षबाई रडल्या, काका. पंचेचाळीस सेकंदांत. उरलेली पंधरा त्यांच्या रडण्यात गेली. त्या गोष्टीवर मला व्यवसायात तीसपैकी तीस मिळाले.

अल्फिएरो : आणि शिल्पात?

इलेनिया : सत्तावीस.

अल्फिएरो : हं.

इलेनिया : अजून संपलं नाही. मिलानच्या एका कंपनीनं ते डोकं मागितलंय, त्यांच्या दारात ठेवायला. आज चार वाजता अकादमीत सही आहे. आजी लुक्काहून येतेय, खास.

अल्फिएरो : कसली कंपनी?

इलेनिया : कानाची यंत्रं बनवणारी.

अल्फिएरो : अरे देवा.

इलेनिया : तिला पहिल्या रांगेत बसवणार आहेत. एक यंत्र भेट देणार आहेत. आणि मला लिहून द्यायचंय की "हात कारखान्याचा असला तरी या शिल्पातली प्रत्येक गोष्ट माझ्या कल्पनेतली आहे". दुसऱ्याकडून घडवून घ्यायला परवानगी आहे. तेही शिकवतात, वेगळा धडा आहे. पण कल्पना आपलीच पाहिजे. आणि या डोक्यातली सगळ्यांना आवडलेली एकच गोष्ट तुमची आहे. मला तीन आठवडे झोप नाही. रात्री उजव्या कुशीवर झोपले की स्वतःचाच कान टोचतो.

अल्फिएरो : आता माझं ऐक. बस तिथं त्या ठोकळ्यावर. तू काही चोरलं नाहीस. मी तुझं काम बिघडवलं.

इलेनिया : बिघडवलं?

अल्फिएरो : ती शेवटची बट काढत होतो, कानावरची. दगडात भेग होती. बारीक, वरून दिसत नाही. छिन्नी लागली आणि बट गेली. अशी, तुकडाच खाली. सकाळी खोकं न्यायला गाडी येणार. खड्डा ठेवू? म्हटलं, खोल जाऊन कान काढावा. काढला. रात्रभर बसून. तुला सांगायला हवं होतं. उचलला होता फोन, पण म्हटलं, उद्या हिचा पेपर. खरं म्हणजे पेपराचं निमित्त. हिंमत झाली नाही.

इलेनिया : अहो, म्हणजे तुम्हाला वाटत होतं की मी...

अल्फिएरो : तू दोन महिने त्या केसांवर घालवलेस. मी बघितलंय ना तुला, मान मोडून बसायचीस. पन्नास वर्षांत मी कुणाच्या कामात एक टोक इकडचं तिकडं केलं नाही. आणि पेपरात तुझा फोटो येतो तो माझ्या चुकीशेजारी. हसतेयस वर.

इलेनिया : हसत नव्हते. तेही शिकवलंय. ओठ बंद ठेवून, डोळ्यांनी.

मिरेल्ला : (अल्फिएरोची बायको, डबा घेऊन आत येत) कोण आलंय? इलेनिया! अगं, रोडावलीस किती! बक्षीस मिळाल्यावर माणूस अंगानं भरतं. घे, चेस्टनटच्या पिठाचा केक आणलाय. अल्फिएरो, तू हे सूप घे. चमच्यानं. झाकणातून पिऊ नकोस, परवासारखं सांडशील.

अल्फिएरो : ठेव तिथं.

मिरेल्ला : ठेवते आणि निघून जाते, म्हणजे अंगावर सांडायला मोकळा. नाताळापासून हेच चाललंय, इलेनिया. कॉफी बशीत, सूप शर्टावर. उजवा हात. डॉक्टरकडे चल म्हटलं तर म्हणतो, टेबल हलतं. सुताराला बोलावलं मी. सुतार म्हणाला, बाई, टेबल या घरात सगळ्यात स्थिर आहे.

अल्फिएरो : मिरेल्ला.

मिरेल्ला : काय मिरेल्ला? काय झालं? दोघं असे का बसलायत, मयताला बसल्यासारखे?

इलेनिया : काका.

अल्फिएरो : काय?

इलेनिया : दगडात भेग नव्हती ना?

अल्फिएरो : नव्हती. चांगला दगड होता. इतका चांगला दगड मला दहा वर्षांत मिळाला नव्हता.

मिरेल्ला : कुठला दगड? मला कुणी सांगेल का?

अल्फिएरो : पोरीच्या कामावर हात घसरला माझा. झालं समाधान?

मिरेल्ला : टेबल हलतं म्हणे.

इलेनिया : मी एक पत्र लिहून आणलंय. चारला सहीऐवजी हेच देणार होते. "उजवा कान ही माझी कल्पना नाही. ती अल्फिएरो या कारागिराची आहे आणि बक्षिसाचा मान त्यांचा."

अल्फिएरो : ते फाड.

इलेनिया : का?

अल्फिएरो : मालक पहिला प्रश्न काय विचारेल? "मापावरून काम करणारा माणूस आपल्या मनानं कान का काढतो?" त्याला उत्तर एकच आहे. मागच्या शेडमध्ये बघ, त्यानं तो दगड कोरणारा यंत्राचा हात आणलाय. त्याच्यावर अजून प्लास्टिकचं आवरण आहे. तो थरथरत नाही, सूप पीत नाही. मालक ते आवरण काढायला निमित्तच शोधतोय.

मिरेल्ला : सही कर, बाळा. कान कुणाचा का असेना. आजीला मी समजावते.

इलेनिया : आजीला कोण समजावणार! तिला अजून माहीत नाही की ती बहिरी आहे. आणि तुम्हाला वाटतं मी सही करून जेवू शकेन? पत्र दिलं तर काकांचं काम जाईल, नाही दिलं तर त्यांचं श्रेय मी खाल्लं. दोन वर्षांत पेत्रुच्चीबाईंनी याच्यावर एक ओळ सांगितली नाही.

अल्फिएरो : श्रेय राहू दे.

इलेनिया : कसं राहू दे? तुम्ही रात्रभर बसून...

अल्फिएरो : राहू दे म्हणतो ना. माझं नाहीये ते.

इलेनिया : तुमचं नाही म्हणजे?

अल्फिएरो : मी कल्पना-बिल्पना करत नाही, पोरी. मला येत नाही ते. आयुष्यात एक नाक स्वतःच्या मनानं काढलं नाही. रात्री अकरा वाजता कान कुठून आणू? मिरेल्लाचा बघायला घरी गेलो, ती उशीत तोंड खुपसून झोपलेली.

मिरेल्ला : म्हणून दिवा लावला होतास होय!

अल्फिएरो : मग इथंच प्लास्टरचा होता त्याची मापं घेतली. सुईनं, नेहमीसारखी. चौदाव्या वर्षी उस्तादांनी करायला लावलेला. शिकाऊ पोर आलं की पहिलं काम तेच, जुन्या साच्यातून एक कान. तुमच्या अकादमीत पहिल्या वर्षाच्या खोलीतही आहे की तसाच एक. हात धुवायच्या जागी, भिंतीवर.

इलेनिया : ज्याला आम्ही टॉवेल अडकवतो?

अल्फिएरो : तोच.

मिरेल्ला : आणि परीक्षक कुठले?

इलेनिया : चौघं आमच्याकडेच शिकवतात. अध्यक्षबाई तर तीस वर्षं. रोज त्याच टॉवेलला हात पुसतात.

मिरेल्ला : मग बरोबर आहे. ओळखीचा चेहरा बघून माणूस हळवं होतंच.

इलेनिया : पण काका, अभिप्रायात पुढे लिहिलंय... हे बघा. "पाळीवरची ती तिरकी, ओबडधोबड वळी, जणू न ऐकलेल्या शब्दाचा व्रण." अध्यक्षबाई तिथंच रडल्या. टॉवेलच्या कानाला अशी वळी नाहीये.

अल्फिएरो : नाही. ती माझ्या प्लास्टरच्या कानाला आहे. सुई दाखवते ते मी उतरवतो.

इलेनिया : कशाची आहे ती?

अल्फिएरो : आधी पत्राचं सांग. वाजले किती?

इलेनिया : पेन द्या. तुमचं नाव खोडते. "उजवा कान माझा नाही. माझ्या आजीला उत्तम ऐकू येतं." बस. बक्षीस जाईल तर जाऊ दे, तीसचे शून्य होऊ देत. पण कान कसा आला हे विचारलं तर?

अल्फिएरो : तर?

इलेनिया : तर म्हणेन, माहीत नाही. आणि त्या बदल्यात तुम्ही सोमवारी डॉक्टरकडे जायचं. मी माझं सांगते, तुम्ही तुमचं सांगा.

मिरेल्ला : सोमवार नको, उद्या. मी नेते.

अल्फिएरो : दोघी मिळून...

मिरेल्ला : चमचा धर.

अल्फिएरो : धरतो. तू निघ, पोरी, दोनची बस चुकेल.

इलेनिया : निघते. तो कान तेवढा दाखवा जाता जाता. कुठे ठेवलाय?

अल्फिएरो : त्यालाच तर कोट अडकवलायस तू. सगळे तिथंच अडकवतात. सांभाळून काढ, पाळी दोनदा निघालीय. मी डिंकानं चिकटवलीय, तिरकी.