सदर विहिरींवर पाणी सोडण्यात येत आहे

मी, खाली सही करणारा, वय ५२ वर्षे, व्यवसाय वार्ताहार, राहणार छापखान्यावरची खोली, समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

प्रथम एक तक्रार नोंदवून घ्यावी. हवालदारांनी माझा व्यवसाय ‘वार्ताहार’ असा लिहिला आहे. शब्द ‘वार्ताहर’ आहे. वार्ता नेऊन पोहोचवतो तो. हार पुल्लिंगी असेल तर गळ्यात पडतो, स्त्रीलिंगी असेल तर पदरी येते. पहिला मला आजवर कुणी घातलेला नाही. हवालदार म्हणाले, “साहेब, एका कान्यानं काय बिघडतंय? पुढं बोला.”

आमच्या टेकडीखाली लिथियम सापडलं. परदेशातल्या मोटारींच्या बॅटऱ्यांना ते लागतं. तिकडच्या कंपनीनं खाणीत भांडवल घातलं, मंत्र्यांनी फीत कापली, बातमी मीच पहिल्या पानावर दिली. खाण खोल गेली तसं आत झिरपणारं पाणी पंपानं उपसू लागले, आणि खालच्या वस्तीतल्या अकरा विहिरींनी तळ दाखवला.

पाच महिन्यांपूर्वी कंपनीनं करारपत्र आणलं. वस्तीनं विहिरींवरचा हक्क कायमचा सोडावा, असा त्यात परक्या भाषेतला मजकूर होता. दोन्ही भाषा लिहिणारा इथं मी एकटा, म्हणून भाषांतर माझ्याकडे आलं. मी लिहिलं : ‘सदर अकरा विहिरींवर पाणी सोडण्यात येत आहे.’ पाठशाळेत कर्मणि प्रयोगात मला पैकीच्या पैकी गुण असत. वाक्यात कर्ता ठेवला नाही. कोण सोडतंय ते सुज्ञांना कळेल, असं धरून चाललो.

शाळेच्या पटांगणात कागद वाचला गेला. माझी धाकटी बहीण पुढंच बसली होती. तिनं विचारलं, “दादा, पाणी नक्की सोडणार ना?” मला चेष्टा वाटली. मी म्हणालो, “तू सही कर, की सोडलंच समज.” त्रेसष्ट घरांनी सह्या केल्या. निघताना बहीण शेजारणीला म्हणाली, “पाइप कधी टाकतात बघू. माझ्या दादानं लिहिलंय, म्हणजे येणारच.” तेव्हा मला घोटाळा कळला. पुढच्या अंकात खुलासा छापता आला असता. छापला नाही.

बहिणीचे यजमान, म्हणजे माझे मेहुणे, खाणीवर फिटर आहेत. ते मला अधूनमधून म्हणत, “दादा, यांच्या गाड्या धूर सोडत नाहीत, हे पाणी सोडत नाहीत. सोडतात तरी काय?” मी हसून विषय बदलत असे.

काल सकाळी १०.४० वाजता मेहुण्यांनी धातू धुऊन उरलेल्या पाण्याच्या तलावाचा व्हॉल्व्ह उघडला. ते पाणी शुद्ध केलेलं असतं, असं कंपनीनं सभेत सांगितलं होतं. पहारेकऱ्यानं हटकलं तेव्हा त्यांनी खिशातला कराराचा कागद काढला. “पाच महिने वाट पाहिली. लिहिलंय तेवढंच करतोय.” पहारेकऱ्यानं कागद वाचला आणि तो बाजूला झाला. ११.३० पर्यंत ओढ्यानं पाणी विहिरींत उतरलं. दुपारी कंपनीनं फिर्याद दिली, विहिरींत विष कालवल्याची. तलावात शुद्ध असलेलं पाणी विहिरीत पोहोचेपर्यंत विष झालं होतं.

मेहुण्यांचा हेतू वाईट नव्हता. वाक्य माझं आहे. माझ्या अक्षरातली मूळ प्रत हजर करीत आहे.

माझी भाची सहा वर्षांची आहे. पाणी आलं म्हणून विहिरीकडे सगळ्यात आधी तीच धावली आणि ओंजळ भरून प्यायली. काल दुपारपासून ती रुग्णालयात आहे आणि डोळे उघडत नाही. बहीण तिच्या उशाशी आहे.

मघाशी मी कोठडीवरून जात असताना आत अटकेत असलेल्या मेहुण्यांनी हाक मारली. “दादा, पोहोचलं ना पाणी सगळीकडे?” मी हो म्हणालो.

जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच उतरला आहे. ‘वार्ताहार’मधला काना खोडू नये. भाचीची वार्ता पलीकडच्या कोठडीत नेण्याचं धैर्य मला होत नाही.