रंगाच्या बकेटीतला पुदिना

(नांदेड. घराची मागची बाजू. भिंतीलगत रंगाच्या रिकाम्या बकेटी, त्यांतल्या एकीत पुदिना. सकाळचे अकरा.)

आनंदराज : तसं न्हाई, भीमा. नुसत्या काड्या मोडून देऊ नको पोरीला. मुळासकट काढ. महामायाचा पुदिना हाय, किनवटला गेला तरी जगला पाहिजे.

भीमा : जगतो की. पुदिन्याला काय, काडी खोचली की लागतो.

आनंदराज : कुणाच्या बी हातानं न्हाई लागत तो. तिचा हात तसा होता. चार वर्षं झाली तिला जाऊन, तरी बघ कसा माजलाय. परवा आमचे साहेब मठ्ठा पिऊन म्हणाले, असा वास बाजारातल्या पुदिन्याला न्हाई. मी म्हणलं, साहेब, माझ्या पहिल्या मंडळीची आठवण हाय ती.

भीमा : मठ्ठा कुणी केलता?

आनंदराज : मठ्ठा तूच केला की. मठ्ठ्याला कोण काय म्हणतंय. प्रिया, तुझं सामान झालं का? मी ऑटो बघून येतो. नोकरीच्या पहिल्याच दिवशी गाडी हुकली तर आश्रमशाळेवाले काय म्हणतील?

प्रिया : झालं, पप्पा. ऑटोवाल्याला दारापर्यंत आणा, ट्रंक जड आहे.

भीमा : गेले तुझे पप्पा. ही छोटी बकेट धर. पत्र्याचा डबा नको, उन्हानं तापतो अन् मुळं शिजतात. खिळा तापवून बुडाला पाच भोकं पाडलीत.

प्रिया : कधी पाडली? कुणी?

भीमा : तुझ्या आईनं पाडली. फोटोतून उतरली अन् पाडली.

प्रिया : मावशी, हे काय बोलणं झालं?

भीमा : मग काय बोलू? आत्ता तू ऐकलं न्हाई का? खत मी घालते, शेंडे मी खुडते, उन्हाळ्यात जुन्या साडीचा आडोसा मी बांधते, अन् हात तिचा. अडीच वर्षं झाली मला या घरात येऊन. चटणी वाटली की महामायाची चटणी. मिरचीनं हात माझे जळतात.

प्रिया : पप्पांना तसं म्हणायचं नसतं.

भीमा : त्यांना तसंच म्हणायचं असतं. माझा जीव जळतो, प्रिया. खोटं कशाला सांगू? जित्या बाईसंगं भांडता आलं असतं. हिच्यासंगं काय भांडू? हिची कढी कवा करपली न्हाई, हिला कवा राग आला न्हाई. फोटोत बसून नुसती हसून राहिली.

प्रिया : आईला राग यायचा. लई यायचा. एकदा पप्पांना लाटणं फेकून मारलं होतं. कपाळावरची खूण बघा, ती त्याचीच आहे.

भीमा : मला म्हणाले मोटारसायकलवरून पडलो.

प्रिया : सगळ्यांना तेच सांगतात.

भीमा : बघ. लाटण्याचं बी लपवून ठेवलं तिच्यासाठी.

प्रिया : द्या ती बकेट. मावशी, मला एवढंच न्यायचंय घरातून. फोटो पप्पा देत न्हाईत. साड्या आत्यानं नेल्या. आईचं म्हणून हे एकच राहिलंय.

भीमा : तेच तर.

प्रिया : काय तेच?

भीमा : काही न्हाई. बुडाला विटेचा चुरा टाक.

प्रिया : बोलता बोलता थांबू नका. मी किनवटपर्यंत तेच घोकत जाईन.

भीमा : ऐकशील अन् मग मला शिव्या देशील.

प्रिया : देईन. सांगा.

भीमा : हा तुझ्या आईचा पुदिना न्हाई.

प्रिया : म्हणजे?

भीमा : तो मेला. दोन वर्षांमागं, एप्रिलात. किल्लारीला माझ्या भाचीचं लग्न होतं, आम्ही दोघं आठ दिवस गेलतो. तू परीक्षेसाठी इथंच राहिलीस. परत आलो तवा तुझे पप्पा स्टँडवर कुणाशी बोलत थांबले अन् मी पुढं आले. बघते तर बकेटीत काळ्या काड्या. एक ओढली तर हातात आली. मुळंसुद्धा कुजलेली.

प्रिया : पण तो परत फुटला. मी बघितलाय फुटलेला.

भीमा : तो फुटला न्हाई. मी लावला. मला इथं येऊन सहा महिने बी झाले नव्हते. गल्ली काय म्हणली असती? आल्या आल्या सवतीचं झाड खाल्लं. म्हणून सगळ्या काड्या कापल्या अन् तुझ्या पप्पांना सांगितलं, ऊन लागलंय, मुळाशी छाटलाय, फुटंल. बाजारातून एक जुडी आणली. चटणी निम्म्याचीच केली. जाड जाड काड्या निवडून पेल्यात पाण्यात ठेवल्या. पेला गॅसच्या टाकीमागं, कुणाला दिसू नये म्हणून. आठव्या दिवशी पांढरी मुळं आली.

प्रिया : अन् याच बकेटीत लावल्या.

भीमा : बकेट तीच. माती रातीच सगळी उपसून फेकली, कुणाला दिसू नये म्हणून. नुसती काळी होती ती, पाणी धरून बसायची. वरून पांढरा थर बी आलता. म्हणलं बोअरच्या पाण्यानं खार चढला. पलीकडच्या बांधकामावरून वाळू आणली, शेळीच्या लेंड्या आणल्या. तवापासून बोअरचा थेंब घातला न्हाई मी. नळाचं पाणी भरून ठेवते, तेच घालते.

प्रिया : पांढरा थर.

भीमा : हाव. बोटाला लागत होता.

प्रिया : बोअरचा नव्हता तो.

भीमा : मग कशाचा?

प्रिया : मिठाचा. मी घातलं. तुम्ही गेल्यावर तीन दिवस, तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवून.

भीमा : तू? तुझ्या आईच्या झाडाला?

प्रिया : तुम्ही रोज सकाळी उठून आधी याच्याजवळ यायच्या. पाणी घालायच्या, पान चुरून हुंगायच्या. आईचा पलंग तुम्ही घेतला, कढई घेतली, मी काही बोलले न्हाई. पण या बकेटीला तुमचा हात लागला की माझ्या अंगाची लाही व्हायची. आई असंच पान चुरून हुंगायची. म्हणलं, तुमचं होण्यापरीस मेलेलं बरं.

भीमा : मला तर तवा पुदिन्याचा वास बी सोसत न्हवता. हुंगायची ते तुला दिसावं म्हणून. म्हणलं, पोरीला बरं वाटंल, हिच्या आईचं झाड मी जपून राहिले.

प्रिया : मला बरं वाटलं न्हाई.

भीमा : ते आत्ता कळलं.

प्रिया : मग तुम्ही आलात. काड्या कापल्या. मी रोज बघायची. अन् एक दिवस दात घासत इथं उभी होते, तर हिरवी पानं. लई भ्याले मी. मीठ घातलेल्या मातीत फुटला कसा? मला वाटलं, मी मारला तरी आईनं तो तुमच्या हातून परत आणला. म्हणजे आईला तुम्ही चालता. मग मी कोण नको म्हणणारी?

भीमा : तवापासून तू माझ्या हातचं जेवायला लागलीस. आधी मैत्रिणीकडं जेवायला जायचीस.

प्रिया : हाव. तवापासूनच.

भीमा : अन् मला वाटलं तुला माझी कढी आवडली.

प्रिया : कढी अजून बी पातळच करता तुम्ही.

भीमा : तिची घट्ट असायची का?

प्रिया : तिला येतच नव्हती. पप्पा करायचे.

भीमा : हे बी मला कुणी सांगितलं न्हाई.

प्रिया : म्हणजे मी मारलाच तो. दोन वर्षं मी समजत होते, वाचला. कशाला सांगितलं मावशी तुम्ही? ते बी आज, निघताना?

भीमा : निघताना म्हणूनच. तू घेऊन गेलीस की तिकडं बी हा तिचाच होणार. वसतिगृहातल्या पोरींना दाखवशील, माझ्या आईचा म्हणून. इथं तुझे पप्पा, तिथं तू. मला सोसंना. म्हणलं, एका माणसाला तरी ठाऊक असू दे, हा माझा हाय म्हणून. तुझं एवढंच राहिलं होतं अन् ते मी काढून घेतलं. माझं चुकलं. पण सांगून मला बरं वाटलं, हे बी खरं.

प्रिया : मीठ मी घातलं, हे तेव्हा कळलं असतं तर पप्पांना सांगितलं असतं का?

भीमा : तवा? पळत जाऊन सांगितलं असतं. तुझं नाव जरा तरी खराब व्हावं असं लई वाटायचं मला.

प्रिया : अन् आता?

भीमा : आता चार दिवस झाले तुझे लाडू-चिवडे करून राहिले मी. आता कुणाला सांगू? तू सांगणार का, हा बाजारचा हाय म्हणून?

प्रिया : पप्पांना? मग ते मठ्ठा पितील का?

भीमा : न्हाई पिणार. तू बी नको नेऊ, जड वाटत असंल तर. ठेव ती बकेट. मी त्यात कोथिंबीर टाकीन.

प्रिया : विटेचा चुरा कुठाय?

भीमा : प्रिया, माझ्यासाठी म्हणून नेऊ नको.

प्रिया : चुरा कुठाय, विचारलं मी.

भीमा : त्या थैलीत. दोन बोटं टाक. वर माती भर, निम्मी काळी अन् निम्मी वाळू. हां, असं. आता ही जुडी धर, मुळं मोडू नको. दाबून बसव.

प्रिया : कडेला एखादं गुलाबाचं कलम लावलं तर?

भीमा : नको. ह्याला शेजारी चालत न्हाई. मुळं पसरून दुसऱ्याला जगू देत न्हाई हा. सगळी जागा ह्यालाच पाहिजे.

प्रिया : तुमच्यासारखं.

भीमा : तुझ्यासारखं बी.

प्रिया : पाणी रोज?

भीमा : बोट घालून बघायचं. कोरडं लागलं तरच. अन् मिठाचा डबा लांब ठेव.

प्रिया : मावशी.

भीमा : बरं, न्हाई बोलत.

आनंदराज : चला, चला, ऑटो आला. प्रिया, महामायाचा पुदिना घेतला का?

प्रिया : मावशीचा घेतला, पप्पा.

आनंदराज : मावशीचा कुठला? आपल्या घरात एकच तर हाय.

प्रिया : हाव. तोच.