आत्याचा दंड

...आणि वर वृद्धाश्रमवाले मलाच म्हणतात, तुमच्या आत्याला जरा समजवा. मी? आत्याला? तुम्हाला सांगतो, जिनं माझ्या बापाला, म्हणजे स्वतःच्या थोरल्या भावाला, भर बाजारात कान धरून उभं केलं होतं, तिला मी काय समजवणार, डोंबल?

आत्या वृद्धाश्रमात स्वयंपाकाला. आश्रमभर म्हातारी माणसं, कुणाला दात नाहीत, कुणाला मीठ चालत नाही, कुणाला काहीच चालत नाही पण तक्रार मात्र रोज... आणि ही सगळ्यांना पुरून उरलेली. साथ आली, मागोमाग लस आली, आणि एका सकाळी दारावर कागद. लस नसेल तर कर्मचाऱ्यांना प्रवेश नाही. झालं. आत्या पायरीवरूनच माघारी. मॅनेजर मागे धावला, "अहो मावशी, अहो मावशी," तर म्हणते, "विचारलं असतं तर घेतली असती. नुसता कागद चिकटवता होय? मी काय भिंत आहे?"

बरं, लसीवर राग असता तरी समजलो असतो. काडीचा राग नाही हो! आमच्या घरातल्या सगळ्यांना हिनंच दंडाला धरून रांगेत उभं केलं. मी तापानं फणफणलोय तर म्हणते, "येऊ दे ताप, म्हणजे लागू पडतेय." गल्लीतला न्हावी हळूच कानाशी लागला, लस घेतली की अंगाला चमचे चिकटतात म्हणे. आत्या म्हणाली, "बरंच की, आमच्या स्वयंपाकघरातले रोज हरवतात." मग ती लसविरोधी मंडळी आली, फलक घेऊन, "ताई, तुमच्यासारख्या बाणेदार बाईनं आमच्या सभेत बोललंच पाहिजे." गेली. माइक हातात घेतला आणि काय बोलली? "सगळ्यांनी मुकाट लस घ्या, मरायचंय का?" मी स्कूटर चालूच ठेवली होती म्हणून वाचलो. वाटेत विचारलं, मग तू का घेत नाहीस गं? "मला कुणी विचारलं? विचारलं असतं तर घेतली असती."

इथपर्यंत आम्ही हसत होतो, बरं का.

पण आत आश्रमात एक बाई होत्या. पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळे नुसतं बाईच म्हणायचे. डोळे गेलेले, स्मरण गेलेलं, पोटची मुलगी भेटायला आली तर "आपण कोण?" म्हणायच्या. पण पॅसेजमध्ये आत्याच्या चपला वाजल्या की आतून हाक, "आलीस का गं?" आत्या म्हणायची, "आले." मग मऊ भात, तिच्या हातचा आणि तिच्याच हातानं. दुसऱ्या कुणी घास पुढे केला की ओठ घट्ट.

आणि आता आत्या बाहेर. रोज मी तिला सोडायचो, ती मागच्या अंगाला बाईंच्या खिडकीशी जाऊन उभी राहायची. काच बंद. ही बाहेरून ओरडतेय, "बाई, खा हो, माझ्यासाठी खा," आत नर्स चमचा धरून बसलीय, आणि बाई आवाज ऐकून मान वळवतात ती दाराकडे. खिडकीकडे नाही, दाराकडे... ही नेहमी दारातूनच यायची ना.

मॅनेजर बाहेर आला. तोही रडकुंडीला आलेला. "मावशी, नियम वरून आलाय. आमची दोन माणसं गेली या साथीत. तुमच्यामुळे बाईंनाच काही झालं, तर?" खोटं नव्हतं हो ते, तिलाही कळत होतं. तरी म्हणाली, "विचारलं असतं तर..." आणि पुढचं तोंडातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी स्वतःच उठून लसकेंद्रावर गेली. बाही वर केली, डोळे मिटले, दात आवळले. नर्स म्हणाली, "झालं." आत्या म्हणाली, "काय झालं?" कळलंसुद्धा नव्हतं तिला. एवढं महाभारत, आणि मुंगीही यापेक्षा जोरात चावते!

पण लस घेतली म्हणून दार लगेच उघडतं थोडंच? ती अंगात मुरायला वेळ द्यायचा, असा नियम. ते दिवस आत्यानं आमच्या घरात येरझारा घालून काढले. आणि ज्या सकाळी तिला आत घेतलं, त्या सकाळी बाईंची गादी अंगणात उन्हात टाकलेली होती. आदल्या दुपारी गेल्या. साथीनं नाही... खाणंच सुटलं होतं. नर्स म्हणाली, "शेवटपर्यंत तोंड दाराकडेच होतं."

तुम्हाला सांगतो, आत्या रडली नाही. पदर खोचला, भात टाकला, सगळ्यांना वाढलं. पण तेव्हापासून त्या खोलीवरून जाताना थांबते, आणि रिकाम्या खोलीला म्हणते, "आले." एकदा भाजीची पिशवी घेऊन मी मागेच होतो. म्हटलं, कुणाला म्हणालीस गं?

"हाक आली."

"आत्या, आत कुणी नाहीये."

"मी कुठं म्हणते, कुणी आहे म्हणून? हाक आली, एवढंच."

मी पिशवी घेऊन स्वयंपाकघराकडे सटकलो. तेव्हापासून मी त्या पॅसेजमधून जातो ना, तर चपला हातात घेऊन जातो. उगाच आपल्याला कुणी विचारायला नको.

परवा पुढच्या डोसची वेळ आली. मॅनेजर नर्सला घेऊन स्वतः स्वयंपाकघरात हजर, हात जोडून, आवाजात नुसता मध. "मावशी, सक्ती अजिबात नाही हं. तुमची इच्छा असेल तरच. मुद्दाम विचारायला आलोय." मी मनात म्हटलं, संपलं, आता ही विळी घेऊन उठते.

आत्यानं चिरायची भाजी बाजूला सारली. बाही वर केली.

"टोचा लवकर आणि सोडा मला," म्हणाली. "तिकडे बाई केव्हाच्या विचारतायत."